मैदानावरची खुर्ची

“आम्ही तुमच्या सोयीसाठीच ठरवलंय, मगदूम बाई,” मुख्याध्यापिका पाटणकर मॅडम म्हणाल्या आणि स्वतः उठून त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. “सोमवारपासून तुम्ही लायब्ररीत बसा. पंखा आहे, सावली आहे, शांतता आहे. खो-खोचं देसाई सर बघतील.”

मी उभीच राहिले. डावा पाय ओल्या पोत्यासारखा जड झाला होता आणि उजव्या हाताच्या बोटांत अजून मुंग्या होत्या. पण बसले असते तर निम्मं कबूल केल्यासारखं झालं असतं. शेजारी माझे यजमान, भरतेश, माझी पर्स दोन्ही हातांनी धरून उभे होते. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्यांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता.

“विभागीय सामने तोंडावर आलेत, मॅडम. हा संघ पाचवीपासून मी घडवलाय. आता मध्येच त्यांना दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं?”

“तुम्ही परवा दवाखान्यातून आलात.”

“कामावर जा, असं डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरांचं ठीक आहे. पण बाहेर ऑक्टोबरचं ऊन बघताय ना? उद्या तुम्ही मैदानात कोसळलात तर मुलींनी काय करायचं? मी काय करायचं?”

मी कोसळू शकत होते हे खरंच होतं.

सांगलीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. स्वतः राज्य पातळीपर्यंत खो-खो खेळले होते. तिशी ओलांडली आणि एका सकाळी उजवा डोळा दुखायला लागला. नजर वळवली की आत कळ यायची. दुपारपर्यंत मुलींच्या लाल रिबिनी मला विटकरी दिसायला लागल्या, मग राखाडी. काही आठवड्यांनी डोळा सुधारला आणि मी ते विसरून गेले. वर्षभराने डावा पाय बधिर झाला, पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. मिरजेला एमआरआय झाला तेव्हा आजाराचं नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडते, असं डॉक्टरांनी समजावलं. माझा प्रकार येऊनजाऊन असणारा होता. अटॅक यायचा, काही आठवडे थांबायचा, मग बराचसा ओसरायचा. जाताना थोडं काहीतरी घेऊन जायचा. तो पुन्हा कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मांडीत इंजेक्शनं घ्यायला मी शिकले. भरतेशही ती द्यायला शिकले. त्यांनी न्हाणीघरात दांड्या बसवल्या, घरातली पायपुसणी काढून टाकली, माझ्या स्कूटरची किल्ली आपल्या खिशात ठेवली. मार्केट यार्डात त्यांचा हळदीचा व्यापार. सौदा सुरू असतानाही मध्येच फोन करून विचारायचे, “शैला, जेवलीस का? झोपलीस का थोडी?” शेजारच्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मलाही तेच वाटायचं. आणि तरी संध्याकाळी त्यांची गाडी दारात थांबली की मी उगीचच घाईघाईने पलंगावर जाऊन बसायचे. उभी दिसले तर त्यांचा चेहरा पडायचा.

त्या ऑक्टोबरात तिसरा अटॅक आला. पाय परत गेला, शिवाय हाताची बोटं. शिट्टी धरता येईना. दवाखान्यात सलाईनमधून स्टेरॉइड दिलं आणि मी घरी आले ती या बातमीलाच.

“मॅडम,” मी म्हटलं, “मला हे काम जमणार नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.”

पाटणकर मॅडमनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मग जरा चाचरत म्हणाल्या, “आम्ही मिस्टर मगदूमांशी बोलूनच केलंय हे. म्हणजे तेच आले होते. तुम्ही ॲडमिट असताना.”

मी भरतेशकडे वळले. ते माझ्या पर्सच्या बंदाकडे बघत होते.

“खरं का हे?”

“घरी बोलू, शैला.”

“इथं ठरलंय ना? मग इथंच बोलू.”

“तुला त्रास होऊ नये म्हणून...” एवढंच ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून पर्स घेतली. बोटांना बंद नीट कळत नव्हता, म्हणून मनगटात अडकवली. मग मॅडमकडे वळले.

“नोकरी माझी आहे, मॅडम. आजारही माझा आहे. यापुढे दोन्हींबद्दल माझ्याशी बोला. मी या कामाला नालायक आहे असं तुमचं मत असेल तर तसं लेखी द्या, मी वर दाद मागते. तसं मत नसेल तर मी मैदानावर जाते. मुली वाट बघताहेत.”

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी टेबलावरचं पेपरवेट बाजूला सारलं. “विभागीय सामन्यांपर्यंत बघू,” शेवटी म्हणाल्या. “देसाई सर सोबत राहतील. पण मैदानात काही झालं, तर मग माझा नाइलाज आहे, बाई.”

“कबूल,” मी म्हटलं.

कचेरीपासून मैदानापर्यंतचा व्हरांडा मी त्या दिवशी भिंतीला हात लावत चालले. डाव्या पायाचा चवडा उचलत नव्हता, तो फरशीला घासत होता आणि तो आवाज मला स्वतःला ऐकू येत होता. भरतेश मागून येत होते. त्यांचा हात माझ्या कोपराशी आला की मी कोपर आत घ्यायचे.

मैदानावर मुली खेळत होत्या. देसाई सर नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, अंगाने चपळ, मनाने भले. मला बघून त्यांनी शिट्टी थांबवली. आमची कर्णधार, नववीतली तृप्ती वाघमोडे, धावत आली. मी पडेन की काय अशा नजरेने माझ्याकडे बघायला लागली.

“बघतेस काय,” मी म्हटलं. “एक खुर्ची आण. त्या कडुनिंबाखाली ठेव, मधली पट्टी सरळ दिसेल अशी.”

त्याआधी मी कधी मैदानावर बसून शिकवलं नव्हतं. सोबत पळायचं, सूर मारून दाखवायचा, खांबाला वळसा घालून दाखवायचा, अशी माझी पद्धत. त्या दिवशी बसले आणि बसल्यावर मला काही वेगळंच दिसायला लागलं. पट्टीवर बसलेल्या मुलींपैकी कोण खो मिळण्याआधीच टाच उचलते, कोण नुसती बसून राहते, उभं राहून कधीच एवढं दिसलं नव्हतं. मी एकेकीला हाक मारत गेले. आवाज शाबूत होता.

सुट्टी झाल्यावर भरतेश झाडाखाली आले.

“रागावलीस,” ते म्हणाले.

“हो.”

“दवाखान्यात तुला ब्लाउजचं हुक लावता येत नव्हतं, शैला. तू भिंतीकडे तोंड करून रडत होतीस. मी दारातून बघितलं. मला दुसरं काही सुचलं नाही.”

ते मी विसरले नव्हते, पण त्यांनी बघितलंय हे मला माहीत नव्हतं. क्षणभर माझा राग ढिला पडला. मग परत घट्ट झाला.

“रडत होते ती मी. मग सुचायचं ते मला सुचू द्या की. तुम्ही माझ्या जागी उठून का गेलात?”

त्यांनी खाली पडलेला कडुनिंबाचा पाला पायाने बाजूला सारला.

“रविवारी माझ्याबरोबर मिरजेला चला,” मी म्हटलं. “दरवेळी गेटवर सोडून जाता. यावेळी आत या.”

मिरजेत डॉ. नसीमा मुल्ला नावाच्या फिजिओथेरपिस्ट रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये आमच्यासारख्यांना जमवायच्या. आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. कुणी काठी घेऊन, कुणी कुणाच्या खांद्याला धरून. आधी सगळे सांगायचे, विश्रांती घ्या, हालचाल कमी करा. नसीमा म्हणायच्या, “नसा गेल्यात तिथं मी काही करू शकत नाही. पण न वापरून जे स्नायू जातात, ते माझ्या हातातले आहेत. ते मी जाऊ देणार नाही.” थोडा व्यायाम, मग विसावा, मग पुन्हा थोडा. तोल सांभाळणं, पायांत ताकद आणणं, दमण्याच्या आत थांबणं. उन्हाने किंवा तापाने डोळ्यापुढे धूसर झालं तर घाबरायचं नाही, अंग गार केलं की ते जातं, तो नवा अटॅक नव्हे. एक दिवस उलटूनही गेलं नाही, किंवा काही नवीनच सुरू झालं, तर मात्र थेट डॉक्टर. हा फरक त्यांनी आमच्याकडून घोकून घेतला होता.

या मेळाव्याच्या खऱ्या मालकीण मात्र सुमती कानिटकर. बँकेत अधिकारी होत्या, आता चाकाच्या खुर्चीत. त्यांचा आजार दुसऱ्या प्रकारचा होता, ओसरायचा नाहीच. “तुझा आजार निदान परत तरी जातो,” मला म्हणायच्या. “माझा मुक्कामाला आलाय. जेवणखाण सगळं माझ्याच अंगावर.”

त्या रविवारी भरतेश भिंतीकडेच्या बाकावर, इतरांच्या नातेवाइकांबरोबर बसले. कानिटकर बाईंनी खुर्ची वळवून त्यांच्यासमोर आणली. काय घडलं ते मी त्यांना फोनवर आधीच सांगितलं होतं.

“मगदूम, तुमचा धंदा काय?”

“हळदीचा व्यापार.”

“उद्या मी मार्केट यार्डात गेले आणि सांगितलं, मगदूमांना हल्ली दम लागतो, त्यांना सौद्याला बसवू नका, दुसऱ्या कुणाला बसवा. तर?”

भरतेशच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “तुम्ही कोण सांगणार?”

“मी तुमची काळजी करणारी.”

कुणीतरी हसलं. भरतेश हसले नाहीत. “बाई, बोलायला सोपं आहे,” ते म्हणाले. “दवाखान्यात तिची काय अवस्था होती ती मी बघितलीय. तुम्ही नाही.”

“नाही बघितली,” कानिटकर बाई शांतपणे म्हणाल्या. “मी पलंगावर होते, मागच्या वर्षी. तिथून बघणाऱ्यांचे चेहरे दिसतात. माझा नवरा रोज यायचा आणि मी मेल्यासारखं तोंड करून बसायचा. एक दिवस त्याला म्हटलं, अहो, तुम्ही बाहेर जाऊन चहा पिऊन या, तुमच्याकडे बघून मला माझीच दया यायला लागलीय.”

एवढ्यात नसीमांनी टाळी वाजवली. त्या दिवशीचा धडा होता, पडल्यावर उठायचं कसं. चटया घातल्या होत्या. आधी कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, धड असलेला पाय पुढे टेकवायचा, त्यावर तळहात दाबायचे आणि मग वर. नातेवाइकांना एकच नियम होता. बोलावल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

मी पहिल्यांदा अर्ध्यावरून परत खाली आले. दुसऱ्यांदाही. बाकावर कुणीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि नसीमा मागे न बघताच म्हणाल्या, “मगदूम साहेब, बसा.” तिसऱ्या वेळी मी वर आले. घामाने डोळ्यांपुढे धुकं झालं होतं. भरतेशकडे बघितलं तर तेही घामाघूम झाले होते.

गाडीतून आम्ही परत निघालो. सांगली जवळ आल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “आत्ता लगेच चालवू नकोस,” ते म्हणाले. “पण कधी चालवायची ते तू ठरव.”

सामने कोल्हापूरला होते. तोवर हात बराच सुधारला होता, पायाने मात्र हट्ट सोडला नव्हता. चवडा वर धरून ठेवणारा पट्टा नसीमांनी बुटात बसवून दिला. कानिटकर बाईंनी एका शिंप्याकडून जुन्या जाकिटाला आतून कप्पे शिवून घेतले, त्यात बर्फाच्या पिशव्या भरायच्या. ते घालून मी सीमारेषेबाहेर खुर्चीत बसले तेव्हा इतर शाळांचे शिक्षक बघत होते. बघू दे म्हटलं. पाटणकर मॅडम मांडवात होत्या. त्यांच्या मागे भरतेश, आणि पुढे मोकळ्या जागेत, डोक्यावर छत्री धरून कानिटकर बाई. एवढ्या लांब कशाला येता, असं मी म्हटलं होतं. “मलाही आठवड्यातून एकदा कुणावर तरी ओरडायला मिळू दे,” असं उत्तर आलं होतं.

उपांत्य फेरी अटीतटीची झाली. शेवटची पाळी आमच्या आक्रमणाची, एक गडी बाद केला की बरोबरी. वेळ संपत आली होती. त्यांची शेवटची मुलगी आमच्या पोरींना झुकांड्या देत होती. तृप्तीला खो मिळाला, ती उठली आणि तिने असा सूर मारला की तिची बोटं त्या मुलीच्या पाठीला लागलेली मला स्पष्ट दिसली. पंचांनी फाउल दिला. तृप्तीचा पाय मधल्या पट्टीला लागला, असं त्यांचं म्हणणं. गडी बाद नाही. शिट्टी झाली आणि आम्ही एका गुणाने हरलो.

पोरी तिथंच मातीत बसल्या. तृप्ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, नाही, नाही.

पंचांचं टेबल मैदानाच्या पलीकडे होतं. देसाई सर म्हणाले, “मी जातो, बाई.” मी म्हटलं, “प्रशिक्षक मी आहे.” आणि काठी घेऊन निघाले. ऊन डोक्यावर होतं, जाकिटातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. निम्म्यावर गेले असेन, तेवढ्यात उजव्या डोळ्यातलं मैदान पांढरं झालं, डावा पाय नसल्यासारखा झाला आणि मी आडवी झाले. सगळ्या मैदानासमोर.

चारी बाजूंनी लोक धावले. कुणी पाणी म्हणालं, कुणी गाडी बोलवा म्हणालं, एकजण माझ्या काखेत हात घालायला वाकला. तेवढ्यात छत्रीखालून आवाज आला, “हात लावू नका तिला. लांब व्हा. वारा येऊ द्या.” बँकेत आयुष्य काढलेल्या बाईचा आवाज तो, माणसं खरंच थांबली.

मी डोळे मिटून पडून राहिले. माती तापली होती. तृप्तीने थंड पाण्यात भिजवलेला रुमाल आणून मानेवर ठेवला आणि मागे सरली. श्वास जागेवर आला. कुशीवर वळले. हात आणि गुडघ्यांवर आले. त्या अवस्थेत, चार पायांवर, एवढ्या लोकांपुढे मी किती वेळ होते कुणास ठाऊक. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा मला तो फाउल जास्त टोचत होता. उजवा पाय पुढे टेकवला, तळहात दाबले आणि उभी राहिले. गुडघा फुटला होता. काठी उचलली आणि पुढे चालायला लागले.

“मॅडम, तुम्ही आधी बसा तरी,” टेबलावरचे पंच म्हणाले.

“बसते,” मी म्हटलं आणि बसले. “आता लिहून घ्या. आमच्या खेळाडूचा पाय पट्टीला लागलेला नाही. निर्णयाविरुद्ध माझी तक्रार आहे.”

त्यांनी लिहून घेतलं, आपसात बोलले आणि तक्रार फेटाळली. आम्ही हरलो ते हरलोच.

पुढचं सांगून टाकते. सोमवारी पाटणकर मॅडमनी बोलावलं. “तुम्ही पडलात,” त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. “लागलं फार?” “गुडघ्याला.” मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षीची संघनिवड दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून घ्या. आणि त्या कडुनिंबाखाली एखादी पक्की खुर्ची करून घेऊ.” लायब्ररीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. त्यानंतर मला आणखी अटॅक आले. एकाने हाताची पकड कायमची थोडी नेली. मध्ये औषधं बदलली, आता ते फार लांबलांबून येतात. देसाई सर पळून दाखवतात, मी बसून बघते. कानिटकर बाई आता नाहीत. मिरजेचा रविवार मी आणि नसीमा चालवतो, आणि बाकावरच्या नातेवाइकांशी भरतेश बोलतात.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट कोल्हापूरहून परतताना गाडीत घडली. मागच्या सीटवर माझा गुडघा पट्टी बांधून लांब केलेला होता. भरतेश गाडी चालवत होते. मी पडले तेव्हा ते मांडवातून खाली उतरले नव्हते, हे मी उठताना बघितलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. पुरे झालं म्हणतील, शपथ घालतील. मीही उत्तरं तयार ठेवली होती.

जयसिंगपूर मागे पडलं तरी ते बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं, “मी पडले ते बघितलंत ना?”

“बघितलं.”

मग त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. चेहरा रागाने लाल झाला होता.

“तृप्तीचा पाय पट्टीला लागला नव्हता, शैला,” ते म्हणाले. “चांगला वीतभर अलीकडे होता. मी नीट बघत होतो.”